ईश्वरीचा आवर

"आक्का, नापास कसं व्हायचं तेवढं शिकवा."

हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या त्या तालुक्याच्या गावात वैजयंता शिंत्रे चौदा वर्षं पोरींना गाडी शिकवत होती. सगळे तिला वैजूआक्का म्हणत. चढाला गाडी मागं सरकली तर काय करू, उसाची ट्रॉली अंगावर आली तर कुठं घेऊ, असं विचारणाऱ्या पोरी रोजच्याच. नापास व्हायला शिकायला आलेली मात्र ही पहिलीच. ईश्वरी खोराटे, गुऱ्हाळवाल्या अमरअप्पा खोराटेची थोरली, सोळाला चार महिने कमी. आक्काच्या हाताखालून गेलेल्या पोरींत सगळ्यात सुबक हात हिचा. वळणावर गाडी अशी काढायची की मागं बसलेल्याच्या मांडीवरचं ताक हिंदकळू नये.

आक्काला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तिनंही थट्टेनंच सांगितलं, नापास व्हायचं तर तुझ्या चुलतभावांची शिकवणी लाव, ते न शिकताच होतात. ईश्वरी हसली नाही. हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडवत ती बसून राहिली. मग म्हणाली, "साठच्या वर आणि सत्तरच्या खाली. तेवढ्यात बसवा मला. बाकी काय मागत नाही."

आक्काच्या ओठावरचं हसू तिथंच वाळलं.

हे साठ आणि सत्तर काय, ते आधी सांगायला हवं.

माणसाच्या डोक्यात दोन शेजारी राहतात असं समजा. एक खोल आत, माजघरात. त्याला वेग आवडतो, वारा आवडतो, दोस्तांनी "बघूया तुझी हिंमत" म्हटलेलं तर फारच आवडतं. दुसरा कपाळाच्या मागं, ओसरीवर. त्याचं काम एकच, "थांब" म्हणायचं. माजघरातला तेराव्या-चौदाव्या वर्षीच अंगानं भरतो. ओसरीवरच्याला वेळ लागतो, कारण त्याच्यापासून निघणाऱ्या मज्जातंतूंवर चरबीचं वेष्टन चढायला वर्षं जातात. तारेवर वेष्टन नसलं की वीज वाटेत सांडते, तसा हा "थांब"चा निरोप वाटेत सांडतो आणि पाय ब्रेकवर पोचायच्या आधी गाडी पोचते. कुणाचं हे वेष्टन पंधराव्या वर्षी पुरं होतं, कुणाचं पंचविसाव्या. वाढदिवसाच्या केकला त्याची खबर नसते.

शास्त्रज्ञांनी त्यावर टोप काढला. कवटीतून आरपार जाणारा मंद उजेड तो मेंदूवर सोडतो, आणि रक्त कुठल्या भागाकडं कधी धावलं हे परत आलेल्या उजेडावरून ओळखतो. डोक्यावर टोप, समोर पडदा, पडद्यावर अकरा मिनिटांचा रस्ता. मध्येच म्हैस, मध्येच चेंडूमागं धावणारं मूल, मध्येच कानात दोस्ताचा आवाज. "थांब" निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला, तो टोप मोजतो आणि शंभरातला एक आकडा देतो. सरकारी कागदावर त्याचं नाव आवरांक. लोकांनी शेपूट तोडलं आणि नुसता आवर केला.

मग लायसनची वयाची अट गेली. आवर साठ झाला की कच्चं लायसन, बिनगिअरची हळू स्कूटर, सहा महिन्यांपुरती. सहा महिन्यांनी पुन्हा टोप. सत्तरच्या वर गेला तर पक्कं लायसन, कुठलीही गाडी. साठ ते सत्तरमध्ये राहिला तर कच्चंच पुढं चालू. साठच्या खाली घसरला तर तेही जप्त, आणि दोन वर्षं पुन्हा दार नाही. कार्ड खाचेत सरकवल्याशिवाय कुठलीच गाडी सुरू होत नसे, त्यामुळं चोरून चालवायचीही सोय राहिली नव्हती. आपोआप चालणाऱ्या गाड्या पुण्या-मुंबईकडं होत्या. इकडं एकदा आणून बघितली होती. कारखान्याच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या मध्ये ती जी उभी राहिली, ती दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून न्यावी लागली.

अपघात निम्म्यावर आले, हे खोटं नाही. आणि पोरींचा आवर पोरांच्या आधी भरतो, हेही लवकरच सगळ्यांना कळलं. वैजूआक्काला तर त्या वर्षी आभाळ दोन बोटं उरलं. गावोगाव, उंबऱ्या-उंबऱ्याला ती गेली. पोरीला अठरापर्यंत कशाला बसवून ठेवता, तिचं डोकं तयार आहे, तिला रस्ता द्या, असं सांगत फिरली. पोरींना वाहतुकीचे नियम पाठ होईनात तेव्हा तिनं ते ओव्यांत बसवले, आणि शाळेच्या मैदानात सोळा पोरी एका सुरात म्हणू लागल्या:

*आरशात बघ सये, मागं कोण येतं जातं*
*पुढच्या गं वळणाला, कुणा ठावं काय होतं*

वळणाला काय होतं ते दोन वर्षांनी दिसलं. ज्याचा आवर सत्तर तो सज्ञान, असा कायदा झाला. हेतू वाईट नव्हता. आई-बाप नसलेल्या सोळा वर्षांच्या पोराला स्वतःचं घर स्वतःच्या सहीनं चालवता यावं, म्हणून तो केला होता. पण सज्ञान म्हणजे सही, आणि सही म्हणजे लग्नाचीही सही. पक्क्या लायसनवर आकडा छापून येई. कच्च्यावर येत नसे.

आणि घरोघरी गाड्या होत्या, चालवणारं कुणी नव्हतं. थोरल्यांचा आवर वयाच्या साठीनंतर उतरे, तरण्या पोरांचा चढता चढत नसे. हसूरवाडीच्या देसायांचंच बघा. दारात जीप, दुधाचा टेम्पो आणि एक नवी मोटार, तिन्ही ताडपत्रीखाली. म्हाताऱ्या देसायांचं कार्ड दुखण्यानंतर बंद झालेलं. मुलगा ऋतुराज चोवीस वर्षांचा, तीनदा टोपाखाली बसला आणि तिन्ही वेळा एक्कावन्न. त्यांनी सून शोधायला काढली तेव्हा रंग विचारला नाही, उंची विचारली नाही. विचारलं ते इतकंच, की पक्कं लायसन आहे का. अमर खोराटेनं सांगितलं, अजून नाही, पण गौरी-गणपतीच्या सुमारास टेस्ट आहे, आणि आमच्या पोरीचा हात बघाल तर बघत राहाल.

ईश्वरीनं हे सगळं आक्काला सांगितलं ते एखाद्या तिसऱ्याच पोरीची गोष्ट सांगावी तसं. तिला बावीस किलोमीटरवरच्या पॉलिटेक्निकला नुकताच प्रवेश मिळाला होता. तिकडची एसटी बंद होऊन तीन वर्षं झालेली, कच्च्या लायसनवरची हळू स्कूटर हाच रस्ता. तिच्या कच्च्या लायसनचे सहा महिने आता भरत आले होते, टोप चुकवता येणार नव्हता. आवर साठच्या खाली गेला तर कॉलेज संपलं. सत्तरच्या वर गेला तरी संपलं. मध्ये दहा आकड्यांची पायवाट होती.

"अप्पांना नको म्हणून सांगितलंस?" आक्कानं विचारलं.

"सांगितलं की. म्हणाले, पोर अजून कच्ची हाय म्हणून असं बोलती. पक्की झाली की कळंल तिला."

आक्काच्या शाळेत सरावाचा टोप होता. त्याखाली ईश्वरीचा आकडा चौऱ्याहत्तर येत होता, कधी पंच्याहत्तर. मुद्दाम चुका करून तो खाली येत नाही, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं. हातानं चूक केली तरी "थांब" डोक्यात वेळेवर निघालेला असतो आणि टोपाला तो दिसतो. पण एक गोष्ट त्याला फसवत असे. जागरण. झोप झाली नाही की ओसरीवरचा शेजारी पेंगतो. आक्काला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिनं ते स्वतः टिपलं होतं. प्रत्येक सरावानंतर टोपाच्या पडद्यावर माहितीचे रकाने येत, त्यात आदल्या रात्रीच्या झोपेचा एक. भरलाच पाहिजे असा नव्हता. बाकीच्या शाळा तो मोकळा सोडत. आक्का मात्र पोरीला समोर उभी करून विचारी, किती वाजता निजलीस, कधी उठलीस, आणि खरं ते भरी. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. एका पुऱ्या जागरणाला चार आकडे उतरतात, दोन जागरणांना नऊ, हे तिला त्या रकान्यानंच शिकवलं होतं.

पण घरात दोन रात्री जागणार कशी? आईच्या शेजारी निजणारी पोर. आक्कानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. गौरी होत्या. गौरी आणल्या की पहिली रात्र सजावटीची, दुसरी, जेवणाची रात्र जागवायची. त्या दोन रात्री झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या पोरीला नीज म्हणून सांगेल अशी आई ह्या भागात जन्मली नव्हती. देवीच्या नावानं जागायचं, आणि सकाळी टोपाखाली जाऊन बसायचं. चौऱ्याहत्तरातून नऊ गेले, पासष्ट. पायवाटेच्या ऐन मधोमध.

आक्कानं गौरी-विसर्जनाच्या दिवसाची सकाळची वेळ धरली. एकट्या ईश्वरीची नाही. कुजबूज झालीच होती, आणखी दहा जणी येऊन उभ्या राहिल्या. कुणाला नर्सिंग करायचं होतं, कुणाला काहीच करायचं नव्हतं, नुसतं अजून थोडं पोर राहायचं होतं. आक्कानं प्रत्येकीचा सरावाचा आकडा बघून कुणी एक रात्र जागायचं, कुणी दोन, हे ठरवून दिलं. औषध देतात तसं.

त्या सकाळी अकरा पोरी परिवहन कार्यालयाच्या आवारात उतरल्या तेव्हा बघणाऱ्याला हसू यावं. डोळे जास्वंदीसारखे लाल, घसे बसलेले, केसांत सुकलेली शेवंती. एक तर उभ्यानंच पेंगत होती आणि दुसरी तिला कोपरानं ढोसत होती. ईश्वरी पायरीवर बसून एकटीच गुणगुणत होती. आक्कानं वाकून ऐकलं. झिम्म्याच्या चालीवर तिनं आपलेच शब्द घातले होते:

*गौराई आली सये, दोन रातीची पाहुणी*
*मला गं ठेव बाई, आणिक थोडी अडाणी*

पलीकडं अमर खोराटे पांढऱ्या टोपीत, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, देसायांच्या घरच्यांशी फोनवर बोलत उभा होता.

ईश्वरी आत गेली. अकरा मिनिटांनी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर दमलेलं, खट्याळ समाधान होतं. तिनं आक्काकडं बघून डोळे मिटले आणि उघडले. म्हैस आली तेव्हा आपण खरोखर उशिरा थांबलो, हे तिचं तिला कळलं होतं.

पडद्यावर आकडा आला. पासष्ट. आक्कानं श्वास सोडला. मग त्या पासष्टावर एक बारीक रेघ आली, आणि खाली दुसरा आकडा उमटला. पंच्याहत्तर. पक्कं लायसन मंजूर.

आक्का खिडकीपाशी गेली. तिथले मुजावरसाहेब सभ्य माणूस, तिला बरीच वर्षं ओळखत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. गेल्या सोमवारपासून टोपाला नवी आवृत्ती आली, म्हणाले. डोळ्यांच्या पापण्या आणि रक्ताची चाल बघून माणूस किती जागलाय ते तो ओळखतो, आणि झोप झाली असती तर आकडा किती आला असता तो काढतो. कायमच्या लायसनला एका रात्रीचा थकवा धरणं बरोबर नाही, असं वरून ठरलं होतं. आणि मग त्यांनी कौतुकानं सांगितलं:

"तुमच्यामुळंच झालं हो हे, शिंत्रेबाई. सगळ्या भागात झोपेचा रकाना इमानदारीनं कुणी भरला असेल तर तुमच्या शाळेनं. चार वर्षांचा. त्याच्यावरच शिकवलंय म्हणे त्याला. आभाराचं पत्र येईल तुम्हाला."

पाण्याचा पेला आक्कानं टेबलावर ठेवला तो इतक्या हळू, की जणू तो झोपलाय. मागं एकामागून एक पोरी बाहेर येत होत्या, आणि एकामागून एक आकड्यावर रेघ येत होती. अकरांतल्या नऊ पक्क्या झाल्या.

पेढे वाटले गेले. अमर खोराटेनं आक्काच्या हातावर दोन ठेवले आणि सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. तुम्ही पोरीचं सोनं केलंत, म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वाईट माणूस असता तर आक्काला बरं वाटलं असतं.

सायकल स्टँडच्या मागं ईश्वरी उभी होती. नवं कार्ड हातात, त्याच्यावर तिचा फोटो, फोटोखाली पंच्याहत्तर. आक्का तिच्यापाशी गेली आणि घाईघाईनं बोलू लागली. कायदा दोन्हीकडून चालतो, म्हणाली. तू सज्ञान झालीस म्हणजे तुझ्या सहीशिवाय लग्न होत नाही. अप्पांची सही आता कागदालासुद्धा लागत नाही. तू नको म्हण. नुसतं नको म्हण, आणि कुणी काही करू शकत नाही.

ईश्वरीनं ऐकून घेतलं. तिला ते सगळं माहीत होतं.

"नको म्हणतो की, आक्का," ती म्हणाली. इकडच्या पोरी जातो-येतो असंच बोलतात, पण त्या क्षणी तिचा आवाज खरोखरच एखाद्या कर्त्या माणसासारखा आला. "पण नको म्हणून झाल्यावर संध्याकाळी जायचं कुठं, तेवढं सांगा."

आणि ती आक्काकडं बघत राहिली.

शाळेच्या वर दोन खोल्या होत्या. एकीत आक्का राहायची. दुसरी नवरा गेल्यापासून रिकामी होती, तिच्यात जुनी टायरं आणि पाटीचे रंग होते. पॉलिटेक्निक तिथून जवळ पडलं असतं. आक्काच्या जिभेवर ते शब्द आले, अगदी ओठांपाशी आले. चल माझ्याकडं. दोनच शब्द.

आणि त्यांच्या पाठोपाठ दुसरंही सगळं आलं. खोराट्यांची भावकी दारात उभी. शिंत्रेबाईनं पोर पळवली, ही आवई. सोमवारपासून मैदान रिकामं, कारण मग कुठला बाप पोरीला तिच्याकडं पाठवेल? आत्ताच्या सोळा पोरी, पुढच्या वर्षीच्या, अजून जन्मायच्या. एका पोरीसाठी सगळ्यांचा रस्ता बंद करायचा का? हा विचार चांगला होता. मुद्देसूद होता. कपाळाच्या मागून निघाला आणि वेळेवर पोचला. आक्काचा स्वतःचा आवर अठ्ठ्याऐंशी होता, जिल्ह्यात दुसरा.

"बघूया," ती म्हणाली. "काहीतरी करूया. मी अप्पांशी बोलते एकदा."

ईश्वरीनं मान हलवली. रुसली नाही, रडली नाही. आक्काला पुढं कितीतरी दिवस तीच मान हलवलेली दिसत राहिली, कारण त्या हलण्यात राग नव्हता. दुकानात एखादी वस्तू विचारावी, नाही म्हटल्यावर बरं म्हणून पुढं जावं, तितकंच होतं ते. तिनं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पेढ्यांच्या गर्दीकडं चालत गेली.

आक्का अमरशी बोलली. दोनदा बोलली. त्यानं चहा पाजला आणि सगळं ऐकून घेतलं. मुलगा निर्व्यसनी आहे, शिकायचं तर सासरीही शिकेल, घरात तीन-तीन गाड्या आहेत, म्हणाला. तिला हौस आहे ना चालवायची? आक्कानं रिकाम्या खोलीतली टायरं अंगणात काढली, खोली झाडली, खिडकीला पडदा लावला. मग ईश्वरीला फोन केला. तोवर साखरपुडा होऊन चार दिवस झाले होते. ईश्वरी म्हणाली, राहू दे आक्का, मी सही केलो.

तुळशीची लग्नं झाली आणि पहिल्याच मुहूर्ताला बार उडाला. आक्का गेली. न जाऊन कसं चालेल, मुलीची गुरू म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं, खण-नारळानं ओटी भरली. जेवणाच्या पंगतीत नवऱ्याची आई, मंगलकाकी देसाई, आग्रह करायला स्वतः आली. जिलबी वाढता वाढता शेजारी टेकलीच. पोर लाखात एक दिलीत, म्हणाली. आता उद्यापासून पहाटेचं दूध डेअरीला वेळेत जाईल, वर्षभर हाल झाले होते. मग आवाज खाली आणून विचारलं:

"माझ्या बहिणीचं पण असंच हाय बघा. तिच्या दोन्ही पोरांचा आवर पन्नासच्या पुढं सरकंना. तुमच्याकडं आणखी एखादी हाय का, सत्तरच्या वरची?"

आक्कानं जिलबीला हात लावला नाही. आठ होत्या. ती म्हणाली, माझ्या लक्षात नाही.

वरातीला ताडपत्री काढलेली नवी मोटार, बॉनेटवर झेंडूच्या माळा. ऋतुराज देसाई फेटा सावरत डाव्या बाजूला बसला आणि दोस्तांना खिडकीतून टाळ्या देऊ लागला. ईश्वरी शालूचा घोळ गुडघ्याशी आवरून चाकामागं बसली. मुंडावळ्या मध्ये येत होत्या, त्या तिनं कानामागं टाकल्या. कार्ड खाचेत सरकवलं. सीट पुढं घेतली. बायका गात होत्या, फटाके वाजत होते, तिचं लक्ष फक्त आरशांकडं होतं.

आक्का गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी पोचली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं, पण काच खाली करून ईश्वरीच आधी बोलली, अगदी साध्या आवाजात, मैदानावर बोलायची तशी.

"आक्का, ह्यांना पट्टा लावायला सांगा. मी दोनदा म्हटलं. माझं ऐकत न्हाईत."

आक्कानं सांगितलं. ऋतुराजनं हसत, बाहेरच्या मोठ्या माणसाचा मान राखत, लगेच लावला. ईश्वरीनं उजवा आरसा बघितला, डावा बघितला, आणि माणसांच्या एवढ्या गर्दीतून, एकालाही धक्का न लावता, हसूरवाडीच्या रस्त्याला गाडी काढली.